राष्ट्रीय बँकेचा वाद आणि अमेरिकी राज्यघटनेची पहिली कसोटी

अमेरिकेची नवी राज्यघटना अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा डिसेंबर १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँकेची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे ठेवली. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जाचा बोजा मोठा होता, करवसुलीची घडी बसलेली नव्हती आणि देशभरात बँकाही मोजक्याच होत्या. नियोजित बँकेचे भांडवल १ कोटी डॉलर असणार होते. त्यातील पाचवा हिस्सा सरकारचा, बाकीचा खासगी भागधारकांचा. या भागधारकांनी आपल्या रकमेचा चौथा भाग सोन्याचांदीच्या नाण्यांत भरायचा होता, मात्र उरलेले तीन भाग सरकारी कर्जरोख्यांच्या रूपाने देता येणार होते. योजनेची खरी कुशलता याच तरतुदीत होती, कारण तिच्यामुळे रोख्यांना मागणी येऊन त्यांचा भाव सावरणार होता आणि धनिकांचे हित नव्या शासनाच्या पतीशी बांधले जाणार होते.

विरोधकांना भय वाटले ते नेमके याच बांधणीचे. प्रतिनिधिगृहात जेम्स मॅडिसन यांनी आठवण करून दिली, की १७८७ च्या घटनापरिषदेत महामंडळे स्थापण्याचा अधिकार काँग्रेसला देण्याची सूचना पुढे आली होती आणि ती फेटाळली गेली होती. तरीही फेब्रुवारी १७९१ मध्ये विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनी संमत झाले. विरोधी मते जवळजवळ सगळी दक्षिणेकडील शेतीप्रधान राज्यांची होती, आणि ही बँक उत्तरेतील व्यापाऱ्यांचीच भर करील, अशी तेथील भावना होती.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वाक्षरीपूर्वी सहकाऱ्यांची मते मागवली. महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांनी विधेयक घटनाबाह्य ठरवले. काँग्रेसला आपले अधिकार राबवण्यासाठी ‘आवश्यक आणि उचित’ कायदे करता येतात, असे घटनेत म्हटले आहे. ज्यावाचून अधिकार राबवताच येणार नाही तेवढेच आवश्यक, केवळ सोयीचे ते नव्हे, असा अर्थ जेफर्सन यांनी लावला. उलट, साध्य घटनेच्या कक्षेत असेल, साधनाचा त्याच्याशी उघड संबंध असेल आणि घटनेने ते वर्ज्य केलेले नसेल, तर ते साधन वैध होय, असे हॅमिल्टन यांनी विस्ताराने प्रतिपादले. वॉशिंग्टन यांनी २५ फेब्रुवारीला स्वाक्षरी केली. हॅमिल्टन यांचा युक्तिवाद अधिक भक्कम होता, कारण बदलत्या काळात राज्यशकट हाकायचा तर प्रत्येक साधनाची यादी घटनेत आधीच देता येत नाही. पण विरोधकांची धास्तीही पोकळ नव्हती. त्याच उन्हाळ्यात बँकेच्या भागांवर जोरदार सट्टा झाला आणि ऑगस्टमध्ये भाव कोसळले.

बँकेची सनद २० वर्षांची होती. १८११ मध्ये तिच्या नूतनीकरणावर सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांच्या निर्णायक मताने बँक संपली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटले आणि सरकारला पैसा उभारणे जड जाऊ लागले. अखेर राष्ट्राध्यक्षपदी असलेल्या मॅडिसन यांनीच १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या विधेयकावर स्वाक्षरी केली. इतक्या वर्षांच्या व्यवहाराने आणि लोकमान्यतेने घटनात्मक प्रश्न निकालात निघाला आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८१९ मध्ये मॅकलक विरुद्ध मेरिलँड खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हॅमिल्टन यांच्या धर्तीचाच अर्थ मान्य केला. तरीही १८३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी दुसऱ्या बँकेच्या मुदतवाढीविरुद्ध नकाराधिकार वापरला, आणि घटनेचा अर्थ लावताना न्यायालयाचे मत आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्यांनी आपल्या संदेशात बजावले.