पैठणीची जर आणि टारझनची गाडी

पैठणीची जर खरी आहे का, असं कुणी विचारलं की विकणारा हमखास सांगतो, "सुरतेची आहे." गिऱ्हाईक समाधानानं मान डोलावतं. वास्तविक या उत्तरातून काहीच कळत नाही. सुरतेत असली जर निघते, इमिटेशन जर निघते आणि प्लास्टिकचीही निघते. असलीत चांदीची तार खेचून, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. इमिटेशनमध्ये चांदीच्या जागी तांबं येतं. प्लास्टिकच्या जरीत धातू असतो तो नुसता पापुद्र्यापुरता. चपट्या तारेला इथं बादला म्हणतात आणि धाग्यावर गुंडाळून तयार झालेल्या जरीला कसब. मराठी कानाला या शब्दाची गंमत वाटते. असली-नकलीच्या बाबतीत हिऱ्यांचंही तेच. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा जो हिरा भेट दिला, तो खाणीतला नव्हता. प्रयोगशाळेत वाढवलेला, सुरतेचा होता.

नकलेचा या शहराला संकोच नाही. कशाची नक्कल, कशापासून केली आणि किती हुबेहूब, एवढंच इथं विचारतात. म्हणून सिनेमातल्या गाडीची नक्कल करणाऱ्या मित्रमंडळींबद्दल लिहायला मला सुरतेपेक्षा बरी जागा सुचत नाही. त्यातून मीही एकदा अशा मंडळींत होतो, भले दोन दुपारींपुरता.

ऑगस्ट २००४ मध्ये 'टारझन: द वंडर कार' लागला तेव्हा आम्ही उधन्यात राहत होतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हा सुरतेतला खानदेश. ताप्ती लाइनच्या गाडीनं अमळनेर-नंदुरबारकडून आलेली माणसं लूमवर नाहीतर डाइंगमध्ये लागली आणि इथलीच होऊन गेली. आम्ही चौघं मित्र सिनेमा बघून बाहेर पडलो ते गाडी बनवायचं ठरवूनच. एकाच्या मामाची मारुती ८०० दारात धूळ खात पडली होती. दुसरा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होता. आणखी काय लागतं?

गच्चीवर खडूनं दोन गाड्या एकात एक काढल्या, खऱ्या मापाच्या. टारझनची गाडी टोयोटाच्या एमआर-टू या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारवर उभी केलेली होती, एवढं आम्हाला कळलं होतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर मारुतीचं २१७५ मिलिमीटर, एमआर-टूचं २४००. रुंदी मारुतीची १४४०, तिची १६९५. म्हणजे लांबीतही एक वीत कमी आणि रुंदीतही. एक वीत म्हणजे किती, ते खडूच्या दोन रेघांमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वेल्डिंगवाला म्हणाला, "कापून वाढवू." पण खरी अडचण मापाची नव्हतीच. मारुतीचं इंजिन नाकात, एमआर-टूचं सीटच्या मागं. टारझनचं ते जमिनीलगत गेलेलं थोबाड तिथं इंजिन नाही म्हणूनच शक्य होतं. नाकात इंजिन ठेवून वर तसला पत्रा चढवला असता तर गाडी सर्दी झाल्यासारखी दिसली असती.

दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइननं ती गाडी घडवली होती. सिनेमात तिच्याबरोबर अजय देवगण, वत्सल सेठ, आयेशा टाकिया होते. दिग्दर्शक अब्बास-मस्तान. त्यांचं बर्मावाला हे आडनाव वाचून सुरतकराला उगीचच रांदेरची आठवण होते. रांदेरच्या व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशातून पैसा आणला आणि खावसा हा खाण्याचा पदार्थही आणला. ते असो. छाब्रियांनी पुढं २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' ही भारतीय स्पोर्ट्स कार मांडली. तिचं इंजिन रेनोचं, आणि तेही सीटच्या मागंच.

सिनेमातली गोष्टही मजेशीर आहे. भंगारात पडलेली वडिलांची गाडी मुलगा नव्यानं उभी करतो. म्हणजे ज्या गाडीची नक्कल आम्ही करणार होतो, ती गोष्टीत जुन्या गाडीवर केलेली कारागिरी होती आणि प्रत्यक्षात जपानी गाडीवर चढवलेलं कातडं. मूळ असं काही नव्हतंच.

याबाबतीत टारझन एकटा नाही. १९६६च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबील जॉर्ज बॅरिसनं तीनेक आठवड्यांत बनवली ती लिंकन फ्यूच्युरा या १९५५च्या प्रदर्शनी गाडीपासून. इटलीत घियाच्या कारखान्यात घडलेली ती गाडी त्यानं एका डॉलरला घेतली होती. पुढं प्रदर्शनांतून मागणी वाढली तशी त्यानं स्वतःच तिचे साचे काढून फायबरग्लासच्या आणखी गाड्या काढल्या. पहिली नक्कल मूळ बनवणाऱ्यानंच केली. त्या पहिल्या गाडीला २०१३च्या लिलावात सगळं धरून ४६ लाख डॉलर मिळाले.

२००५च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मधल्या टम्बलरची सुरुवात तर थेट गच्चीवरच्या खडूच्या जातीची. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि कलादिग्दर्शक नेथन क्राउली यांनी नोलनच्या घरच्या गॅरेजमध्ये बसून बाजारातल्या खेळण्यांच्या किटमधले सुटे भाग एकमेकांना चिकटवले. हे थोबाड इथलं, ते चाक तिथलं. मग इंग्लंडमध्ये क्रिस कॉर्बोल्डच्या लोकांनी त्या खेळण्याची अडीच टनांची, ५.७ लिटरच्या व्ही-एट इंजिनाची धावती गाडी केली. दोन मित्रांनी डिंक लावून केलेला आकार शिकागोच्या रस्त्यांवर खरोखर पळाला. फरक इतकाच की त्यांच्यामागं स्टुडिओ होता आणि आमच्यामागं मामा.

पण या सगळ्यांत मला जवळची वाटते ती डिलोरियनची गोष्ट. 'बॅक टू द फ्यूचर' १९८५चा. त्यातलं कालयंत्र म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या डनमरी इथं बनलेली, स्टेनलेस स्टीलच्या अंगाची डीएमसी-१२. गाड्या निघू लागल्यावर कंपनी दीड-दोन वर्षांत बुडाली. साधारण नऊ हजार गाड्या निघाल्या. सिनेमासाठी वापरलेल्या गाड्यांपैकी मुख्य गाडी नंतर कित्येक वर्षं युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात उन्हापावसात उभी होती. येणारेजाणारे आठवण म्हणून तिचे भाग उपटून न्यायचे. शेवटी तिची दुरुस्ती निघाली तेव्हा सिनेमाचे लेखक-निर्माते बॉब गेल यांनी काम चाहत्यांच्या हाती देण्याचा आग्रह धरला. जो वॉल्सर नावाच्या, स्वतः अशा नकला बनवणाऱ्या माणसानं आपल्यासारखेच वेडे गोळा केले आणि सुमारे वर्षभर खपून गाडी उभी केली. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे.

स्टुडिओकडं गाडी होती, पण ज्ञान नव्हतं. ते होतं वर्षानुवर्षं चित्रफीत थांबवून थांबवून बघणाऱ्यांकडं. सिनेमाच्या कारागिरांनी विमानाचे भंगार भाग, दुकानातली भांडी, हाताला लागेल ते गाडीवर ठोकलं होतं. मागच्या अणुभट्टीखालची चकती ही डॉज पोलारा गाडीची हबकॅप. शेवटच्या प्रसंगात कचऱ्यावर चालणारं जे यंत्र बसवलेलं दिसतं, ते क्रुप्स कंपनीचं कॉफी दळायचं यंत्र. नक्कल करणारा हबकॅप बनवत नाही. तीच हबकॅप, त्याच सालची शोधत फिरतो. यामुळं जुन्या, विसरलेल्या कॉफीच्या यंत्राला एकदम गिऱ्हाइकं मिळाली. आपल्याकडं एखाद्या संशोधकानं पोथीतली शाईसुद्धा त्याच झाडाची हवी म्हणून हट्ट धरावा, त्यातला हा प्रकार. हसू येतं, आणि मत्सरही वाटतो.

आता थोडं तंत्राचं, कारण बोलणारे पुष्कळ आणि हात काळे करणारे थोडे. पत्रा ठोकून बॉडी करणारा कारागीर महाग आणि दुर्मीळ, म्हणून बहुतेक मंडळी फायबरवर येतात. आधी फोमचा नाहीतर मातीचा पूर्णाकृती आकार. तो घासून काचेसारखा गुळगुळीत केला, मेण लावलं, की त्यावरून साचा. साच्यात जेलकोट, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट, त्यावर हार्डनर घातलेलं रेझिन, असे थरावर थर. ब्रशनं हवेचे फुगे काढले नाहीत तर वर्षभरात रंगाखाली फोड येतात. सुरतेच्या मे महिन्यात दुपारी दोनला रेझिन कालवलं तर ब्रश फिरायच्या आत डबा दगड होतो. मूर्ती करणाऱ्यांना हे सगळं उपजत माहीत असतं. गाडीवाल्यांनी त्यांच्याकडं जावं, ते जात नाहीत.

दारांचं वेगळंच. सिनेमात दार वर उचललं जातं तेव्हा कॅमेऱ्यामागं एक माणूस ते धरून उभा असला तरी चालतं. पडद्यावरच्या गाडीला एका बाजूनं, चार सेकंद दिसायचं असतं. मित्रांच्या गाडीला रोज सकाळी चालू व्हायचं असतं, पावसात गळायचं नसतं. म्हणून मला नेहमी वाटतं की नक्कल ही मुळापेक्षा अवघड आणि बऱ्याचदा मुळापेक्षा खरी असते.

अमेरिकेतली न्यायालयं तसं मानत नाहीत. गॉथम गॅरेज नावानं बॅटमोबीलच्या नकला विकणाऱ्या मार्क टोलवर डीसी कॉमिक्सनं दावा लावला. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं ठरवलं की बॅटमोबील ही वस्तू नव्हे, ते एक पात्र आहे आणि त्यावर कॉपीराइट चालतो. उलट 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधल्या एलिनॉर या मस्टँगला २०२५ मध्ये त्याच अपील न्यायालयानं पात्र मानायला नकार दिला. गाडीला व्यक्तिमत्त्व आहे की नाही यावर न्यायमूर्तींनी पानंच्या पानं लिहावीत, हे टारझन बघितलेल्या माणसाला मुळीच विचित्र वाटत नाही.

आपल्याकडं गाडं अडतं त्याच्या कितीतरी आधी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीतल्या तपशिलाशी जुळू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम आणखी घट्ट आवळलं. रंग बदला, किरकोळ जोडजाड करा, पण सांगाड्याला हात नको. बरं, संपूर्ण नवीच गाडी बनवली तर? मग तुम्ही उत्पादक झालात आणि नमुना गाडी चाचणीला द्यायला हवी, पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत. मोटार कंपनीला हे परवडतं. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी तपासून रस्त्यावर सोडण्याची स्वतंत्र परीक्षा आहे. अमेरिकेनं २०१५च्या कायद्यानं छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ नकला करायची मोकळीक दिली. आपल्याकडं चार मित्रांना बसायला अशी खुर्चीच मांडलेली नाही. अपघात होतात, चौकट हवी, हे मान्य. पण चौकट आणि भिंत यांत फरक असतो.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारानं भंगारातून, दुचाकीच्या इंजिनावर, मुलाच्या हट्टापायी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. स्टार्टर नाही, किक मारायची. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगून टाकलं की नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. घरच्यांनी आधी आढेवेढे घेतले. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो आली आणि जीप गेली. मला त्यातली किक आवडते. जीपला किक असू शकते हे कुठल्याच डिझायनरला सुचलं नसतं.

त्याच महिंद्रांच्या अभियंत्यांनी कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हबरोबर 'कल्की २८९८ एडी' या सिनेमासाठी बुज्जी ही गाडी बनवली. सहा टनांच्या आसपास वजन, पुढं दोन अजस्र चाकं. २०२४ मध्ये ती शहराशहरांत फिरवली तेव्हा पोरांनी आधी बुज्जी पाहिली, सिनेमा नंतर.

गेल्या श्रावणात वेल्डिंगवाल्याचा फोन आला. आता त्याचं उधन्यात स्वतःचं शेड आहे, गेट आणि ग्रिल करतो. मंडळाच्या पोरांना यंदा गणपतीपुढं बुज्जी हवी आहे, पूर्ण मापाची, मिरवणुकीत चालणारी. "माप काढायला ये," म्हणाला. मी आरटीओचं विचारलं.

"अरे, इंजिनच नाही बसवत. खाली चार हातगाड्या जोडल्यात, ढकलायला साठ पोरं आहेत. येताना खडू आण."