रोझेलची मावशी

१८८० सालची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या एक गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी मिशनऱ्यांचं एक मासिक होतं, ते त्यांनी चाळायला घेतलं. त्यात गोपाळराव जोशी यांचं पत्र छापलं होतं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत सोय होईल का, अशी विचारणा. सोबत संपादक रॉयल वाइल्डर यांचं उत्तर. वाइल्डर बरीच वर्षं कोल्हापुरात धर्मप्रसार करून मायदेशी परतलेले. मदत करू, पण आधी ख्रिस्ती व्हा, असा त्या उत्तराचा मथितार्थ.

त्या गृहिणी म्हणजे थिओडिसिया कार्पेंटर. गोपाळरावांची ती बायको म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई; त्यांच्या गोष्टीत कार्पेंटरबाईंना आपण एका ओळीत उरकतो. मला ते सलतं.

नवरा, मुलंबाळं, घर, रविवारची प्रार्थना या चौकटीतलं त्या काळच्या गावातल्या बायकांचं आयुष्य. सोमवार धुण्याचा, सकाळपासून चुलीवर पाण्याचं भलंमोठं भांडं चढायचं. घरचे कपडे घरीच शिवायचे; सिंगरचा शिवणयंत्रांचा प्रचंड कारखाना रोझेलशेजारच्या एलिझाबेथ शहरातच होता. न्यू जर्सीत बायकांना एकेकाळी मत होतं, ते १८०७ साली काढून घेतलं गेलं. घराबाहेर बाईला हक्काची जागा होती ती चर्चच्या महिला मंडळात. तिथे बायका घरखर्चातून वाचवलेली नाणी छोट्या डब्यांत टाकत, परदेशातल्या मिशनसाठी. हिंदुस्थान त्यांना ठाऊक होता तो असाच, मासिकांतून, उद्धाराची वाट पाहणारा देश म्हणून.

कार्पेंटरबाईंनी तेच मासिक वाचलं आणि निराळंच काही केलं. एका मुलीची शिकायची ओढ आणि तिच्या नवऱ्याची साथ त्यांच्या मनाला भिडली. त्यांनी सरळ पत्र लिहिलं आणि मदतीसाठी धर्मांतराची अट घातली नाही. पत्रांमागून पत्रं गेली. आनंदीबाई कलकत्त्यात आजारी असताना बाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली. अजून दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं, तरी आनंदीबाईंना त्या मावशी झाल्या होत्या.

४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा ही मावशी घ्यायला आली होती. रोझेलमध्ये तेव्हा मोठं नवल चाललं होतं. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून हे गाव विजेने उजळलं होतं; गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही विजेचे दिवे आले. अशा गावात नऊवारी नेसणारी, शाकाहारी मुलगी एका ख्रिस्ती घरात महिनोन् महिने राहिली. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं तिने निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगितलं होतं. कार्पेंटरांच्या घरात तो शब्द पाळता आला. दुसऱ्याचं अन्न आणि देव रोज आपल्या घरात सांभाळणं काय असतं, हे परक्या घरी पाहुणचार घेतलेल्या माणसाला कळेल. मला ती गोष्ट देणगीहून मोठी वाटते.

पुढचं ठाऊक आहे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली, क्षय बळावला, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस पुरी होण्याआधीच, आनंदीबाई गेल्या. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. मावशीला आलेली पत्रं हा त्या चरित्राचा मोठा आधार. आनंदीबाईंचा आवाज आज त्यांच्याच शब्दांत ऐकू येतो, त्याचं बरंचसं श्रेय ही पत्रं जपणाऱ्या हातांना आहे.

गोपाळरावांनी अस्थी रोझेलला पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या. तिथल्या दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. अमेरिकेत लेकीकडे, मुलाकडे जाणारे मराठी आईबाप आता घरोघरी आहेत. त्यांनी पोकिप्सीला जरूर जावं, आणि त्या दगडाला नमस्कार करताना ही जागा कुणी दिली तेही आठवावं.