कामावरची जीप

गोव्यातल्या कुळे गावातून दूधसागर धबधब्याकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते, आणि वाटेत पाणी आडवं येतं. पावसाळा सरला की पर्यटकांना घेऊन जीपा याच पाण्यातून ये-जा करतात. खडकाळ वाटेवर दोन्ही ॲक्सल तापलेले असतात आणि तशीच गाडी थंड पाण्यात उतरते. ॲक्सलच्या हौसिंगमधली गरम हवा एकदम आकसते. हौसिंगवरच्या ब्रीदरची बारीक टोपी चिखलाने बुजली असेल, तर आतली पोकळी भरायला पाणी चाकाकडच्या ऑइल सीलमधून वाट काढतं. काही दिवसांनी डिफरन्शियलचं बूच उघडावं तर तेल ताकासारखं पांढरं झालेलं. असल्या तेलावर क्राऊन-पिनियन टिकत नाहीत, बेअरिंगही टिकत नाहीत. उपाय साधा आहे. टोपी काढून तिथे रबरी नळी बसवायची आणि तिचं तोंड बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायचं. पाण्यात जाणाऱ्या जीपवर पहिला खर्च हाच व्हावा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुतेक वेळा राहून जातो.

आपल्याकडे जीप म्हटली की महिंद्राची, आणि ती मूळची मुंबईची. 2 ऑक्टोबर 1945 रोजी जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्यासह ‘महिंद्र अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव बदललं. अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपा सुट्या भागांतून मुंबईत जोडायला सुरुवात झाली, आणि पुढे सीजे-3बी हे मॉडेल इथेच घडू लागलं. त्याचं बॉनेट उंच, कारण खालचं हरिकेन इंजिन उंच. जुन्याच ब्लॉकवर इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले होते. 2,199 सीसी, पेट्रोल, 75 अश्वशक्ती. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडे त्याचा वंश त्यानंतर कित्येक दशकं चालला. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, साखर कारखाने, आमराया, सगळीकडे तीच. पश्चिम महाराष्ट्रात तिच्याच लांब भावंडाने, कमांडरने, वडाप म्हणून एसटी न पोचणाऱ्या वाड्या बाजाराला जोडल्या.

या गाडीचं खरं बळ अश्वशक्तीत नाही, दात्यांच्या हिशोबात आहे. सीजे-3बीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.798, ट्रान्सफर केसचा लो 2.46 आणि ॲक्सल 5.38. तिन्हींचा गुणाकार 37. म्हणजे इंजिनाचे 37 फेरे तेव्हा चाकाचा एक. इंजिन नुसतं आयडलवर ठेवलं तरी जीप माणसाच्या चालीपेक्षा हळू, पण न अडखळता दगडावर चढते. ॲक्सिलरेटरला पाय लावावा लागत नाही, क्लच जाळावा लागत नाही. घाटातल्या रानवाटेवर भरलेल्या आंब्याच्या पेट्या न उसळता खाली येतात त्या या गुणाकारामुळे.

आणि नेमका हाच गुणाकार लोक पहिल्यांदा मोडतात. कारण पेट्रोल परवडत नाही. मग डिझेल इंजिन बसतं: इंटरनॅशनल घराण्याचं, ज्याची ओळख बी-275 ट्रॅक्टरमुळे गावोगाव होती, किंवा महिंद्राच्याच एमएम-540 जीपमधलं प्यूजोचं 2,112 सीसीचं. दोन्ही भक्कम. पण डिझेल इंजिन मूळ पेट्रोलपेक्षा कमी फेऱ्यांवर राबतं. 5.38 च्या ॲक्सलवर ते हमरस्त्यावर लवकरच किंचाळायला लागतं. म्हणून क्राऊन-पिनियन बदलून चाराच्या घरातला जोड घातला जातो. तो 4.27 चा घातला तर 37 चे 29 होतात, आणि रानातली संथ चाल गेली. ती परत हवी तर पहिला गिअर आणखी खालचा असलेला चार गिअरांचा बॉक्स शोधायचा. बॉक्सची लांबी बदलली की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचे. जीपमधला कुठलाही बदल एकटा येत नाही, आणि ज्या मिस्त्रीला ही रांग शेवटपर्यंत दिसते तोच खरा मिस्त्री.

एक चूक तर मुद्दाम सांगायला हवी. पैसे वाचवायला फक्त मागचा जोड बदलतात, पुढचा ठेवतात. टू-व्हीलमध्ये काहीच कळत नाही. पावसात फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरू पाहतात. चिखलात घसरून निभावतं. कोरड्या कातळावर मात्र सगळा पीळ ट्रान्सफर केसवर चढतो, लिव्हर अडकून बसतो आणि शेवटी एखादा क्रॉस किंवा शाफ्ट तुटतो. या गाडीच्या ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट आधीच नाजूक. तो झिजला की घूं असा आवाज येतो, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर पुढे आख्खी केस बदलावी लागते.

जड डिझेल इंजिनाचा भार पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतो. पाटे बसतात, किंगपिनची बेअरिंग लवकर खिळखिळी होतात, आणि एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. गॅरेजमध्ये बऱ्याचदा यावर चाकं बॅलन्स करून देतात किंवा डॅम्पर लावतात. दुखणं किंगपिनच्या शिममध्ये असतं. जुन्या पद्धतीचा फिटर टायरॉड सोडवतो, नकल स्प्रिंगकाट्याने ओढून पाहतो आणि ती किती ओढीला हलते त्यावरून पातळ शिम घालतो किंवा काढतो. हे काम अर्ध्या दिवसाचं, सामान किरकोळ, आणि ते करणारे हात आता कमी होत चालले आहेत. याची मला खरोखर काळजी वाटते. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधले तर अजून सापडतात, शिमचा अंदाज तिथे विकत मिळत नाही.

इंजिन वाढवण्याआधी ब्रेक सुधारावेत, यावर मी ठाम आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची एकच लाइन. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवणं ही चैन नाही. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, तेव्हा बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे बसणारा. तो विसरून नुसता बूस्टर लावला तर पॅडल दगडासारखं घट्ट होतं. ड्रममध्ये पाणी साचलं की ओढ्यापलीकडे ब्रेक काही काळ लागत नाहीत. पॅडलवर हलका पाय ठेवून थोडं चालवलं की लायनर वाळतात. पुढच्या चाकांना डिस्क बसवली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

काही जुन्या गोष्टी मात्र बदलू नयेत. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर त्यातला एक. तांबड्या धुळीत कागदी फिल्टर लवकर गुदमरतो, वाटी डिझेलने धुतली आणि नवं तेल घातलं की पुन्हा तयार. टायरचंही तसंच. मूळचे 6.00-16 अरुंद दिसतात म्हणून लोक रुंद घालतात. अरुंद टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन धरतो. रुंद टायर वर तरंगतो, स्टिअरिंग जड करतो आणि व्हीलबेअरिंग खातो. हरियाणातल्या मंडी डबवालीत बनणाऱ्या झगमगीत उघड्या जीपा देखण्या असतात, पण रोज खताची पोती वाहणाऱ्याने त्यांच्याकडून टायर उचलू नयेत. ओझ्यासाठी जादा पाटा घालतानाही जपावं. पाटा वाकला नाही तर हादरा चेसिसला जातो, आणि शॅकलजवळ तडा पडतो. किनाऱ्यावर खारी हवा तो तडा भराभर वाढवते.

कागदांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. पेट्रोलचं डिझेल केलेल्या कित्येक जीपांच्या पुस्तकावर अजून पेट्रोलच आहे. अपघात झाला की हा फरक विम्याच्या दारात उभा राहतो.

म्हणून जुनी जीप घ्यायला गेलात तर रंगाकडे आणि टपाकडे नंतर बघा. आधी इंजिन व चेसिसचा नंबर पुस्तकाशी ताडा. मग दोन्ही डिफरन्शियलची बुचं उघडून बोटाला तेल लावून पाहा. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. चेसिस मागच्या शॅकलजवळ हातोडीने ठोका. आवाज बद्द आला तर आत गंज आहे. शेवटी मऊ मातीच्या चढावर नेऊन लो टाका, क्लच सोडा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. मालक म्हणेल, फोर-व्हील कधी वापरलीच नाही, अगदी नवी आहे. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर बहुधा गंजून अडकलेला निघतो, त्याच्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.