वेगळी बॅच कशाला?

‘एचआयव्हीग्रस्त घरातली मुलं आहेत, त्यांच्यासाठी अगरबत्ती-प्रशिक्षणाची वेगळी बॅच काढू.’ ही सूचना बहुधा चांगल्या मनानंच येते, पण आलापल्लीसारख्या गावात ती मुलांच्या मुळावर येते. अहेरी, एटापल्ली, भामरागड तिन्हीकडचे रस्ते इथं मिळतात. कोण कुठल्या बॅचला जातं, हे चौकात लपत नाही. बॅचला नाव पडलं की घरालाही पडतं.

गैरसमज : आईबापांना लागण म्हणजे मुलांना असणारच.

वस्तुस्थिती : उपचार नसलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. औषधं वेळेवर चालू असली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे यातल्या कितीतरी मुलांना विषाणू नाहीच. बापाच्या आजारपणात शाळा सुटणं, तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरीला जावं लागणं, धाकट्यांना सांभाळणं या त्यांच्या अडचणी. कायद्यानंही हे ओळखलं आहे : अशा घरातलं 12 ते 18 वयाचं समजूतदार भावंड धाकट्यांचं पालक म्हणून शाळाप्रवेश, बँकखातं, औषधोपचार यांसाठी सही करू शकतं.

गैरसमज : एकाच वर्कशॉपमध्ये बसलं की धोका.

वस्तुस्थिती : हत्यारं, डबा, पाण्याचा माठ, शिलाई मशीन, कशातूनही एचआयव्ही पसरत नाही. मलेरियाच्या या मुलखात डासाची भीती हमखास निघते. पण हा विषाणू डासाच्या अंगात वाढतच नाही. रंधा मारताना बोट कापलं तर हातमोजे घालून जखम धुवायची आणि पट्टी बांधायची. ही शिस्त सगळ्याच मुलांसाठी हवी.

गैरसमज : प्रवेश घेताना सांगावं लागतं, रिपोर्ट द्यावा लागतो.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा; तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. शिक्षण किंवा नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही, आणि कुणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही. त्याआधी, 1997 मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं एका हंगामी कामगाराच्या खटल्यात ठरवलं होतं की, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही. त्या कामगाराला नाव न उघड करता खटला चालवू दिला, हेही विसरू नये. सरांना विश्वासात घ्यायचं की नाही, हे त्या मुलानं ठरवायचं. मदत करणाऱ्या संस्थांनी तरी यादी भिंतीवर लावू नये.

गैरसमज : जड काम झेपणार नाही.

वस्तुस्थिती : लागण असली तरी नियमित औषधावर माणूस वेल्डिंग, वायरिंग, सुतारकी काहीही करतो. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात औषध 2004 पासून मोफत आहे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. खरी अडचण पावसाळ्याची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांपर्यंतची औषधं मिळू शकतात. वसतिगृहात राहणाऱ्यानं जूनमध्येच मागून घ्यावीत.

मग शिकायचं कुठं? जिथं सगळे शिकतात तिथं. आयटीआयत सुतारकी किंवा वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आठवी पासवर मिळतो, इलेक्ट्रिशियनला दहावी आणि दोन वर्षं लागतात. अठरा पूर्ण झालेल्यांना आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) राहून-जेवून मोफत प्रशिक्षण मिळतं. अशा घरातल्या मुलांना मिळणारे राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2,250 रुपये मात्र अठराव्या वर्षी थांबतात. म्हणून दहावी झाली की वर्ष वाया न घालवता त्याच जुलैत प्रवेश घेतला, तर हे पैसे चालू असतानाच हातात ट्रेड येतो. शंका असेल तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं.