फोटोतली जिप्सी खरी वाटते, पण ती 17 सेंटिमीटरचीही नाही! स्केल मॉडेल कार म्हणजे काय?

मागच्या महिन्यात मी व्हॉट्सॲप स्टेटसला गडद हिरव्या जिप्सीचा एक फोटो टाकला. चाकांना तांबडा चिखल, मागे ताडपत्रीचं हूड. तासाभरात तीन मेसेज आले: "भावा, जिप्सी कधी घेतलीस?" एकाने तर कितीला पडली तेही विचारलं.

ती जिप्सी आमच्या बिद्रीच्या घरी, अंगणातल्या कट्ट्यावर उभी होती. लांबी 17 सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी. प्लॅस्टिकची, मी स्वतः बनवलेली.

ती का बनवली? माझे बाबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. राधानगरी, दाजीपूरच्या रस्त्यांवर त्यांनी अशीच जिप्सी बरीच वर्षं चालवली. नंतर ती गाडी लिलावात भंगारात गेली आणि बाबा रिटायर झाले. घरी राहिले तिचे दोन फोटो.

1/24 म्हणजे नेमकं किती?

बॉक्सवर 1/24 लिहिलेलं असेल, तर खऱ्या गाडीचं प्रत्येक माप 24 ने भागलेलं असतं. हा 24 आकडा फूट-इंचांच्या हिशोबात सोयीचा पडतो, कारण एक फूट म्हणजे मॉडेलवर बरोबर अर्धा इंच. जिप्सीची लांबी 4010 मिलिमीटर, भागिले 24, म्हणजे 167 मिलिमीटर. इथपर्यंत सोपं आहे.

गंमत पुढे आहे. लांबी 24 पट कमी झाली की पृष्ठभाग 576 पट आणि आकारमान 13,824 पट कमी होतं. पण आपण वापरतो तो रंग, धूळ आणि आपली बोटं काही लहान होत नाहीत! खऱ्या गाडीवरचा रंग साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे 0.1 मिलिमीटर जाड असतो. मॉडेलवर तो 4 मायक्रॉन हवा. प्रायमर धरून आपल्याकडून 30 मायक्रॉनचा थर जरी बसला, तरी खऱ्या गाडीवर पाऊण मिलिमीटर रंग थापल्यासारखं झालं. दाराच्या कडेची फट खऱ्या गाडीत 5 मिलिमीटर असेल, तर इथे ती 0.2 मिलिमीटर. रंगाचे दोन जाड हात मारले की फट बुजलीच, आणि मग गाडी एकदम खेळण्यातली दिसायला लागते. म्हणून स्प्रेचे पातळ पातळ हात द्यायचे. रंग वाळल्यावर त्या फटीत काळपट पातळ रंग सोडायचा. तो आपोआप रेषेत धावत जातो आणि दार "उघडेल" असं वाटायला लागतं.

किट कुठून येतं?

वितळलेलं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक दाबाने स्टीलच्या साच्यात सोडतात. थंड झाल्यावर एका चौकटीला चिकटलेले सुटे भाग बाहेर येतात. ते कापायचे, घासायचे आणि जोडायचे. जपानमधल्या तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या चारही कंपन्या शिझुओका भागातल्या. तामियाची सुरुवात 1946 साली लाकडाच्या धंद्यातून झाली, आधी मॉडेलंही लाकडाचीच. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवली ना?

साचा महाग असतो, त्यामुळे ज्या गाडीला जगभर गिऱ्हाईक आहे तिचंच किट निघतं. जिप्सीचं किट मला बाजारात मिळालं नाही. पण जिप्सी ही मुळात सुझुकी जिम्नीचीच लांब बहीण, आणि हासेगावाचं 1/24 मध्ये जिम्नी जेए11 चं किट आहे. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असतं, तेवढी एक डोकेदुखी वाचली.

आता हिशोब बघा. जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2030 मिलिमीटर, जिप्सीचं 2375. फरक 345. भागिले 24, म्हणजे 14.4 मिलिमीटर. म्हणजे मला नवंकोरं किट दाराच्या मागे करवतीने कापून मध्ये साडेचौदा मिलिमीटरचा तुकडा घालायचा होता. बॉडी, फ्लोअर, चेसिस, सगळीकडे. पहिला काप घेताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. तुकडा प्लॅस्टिकच्या शीटचा घातला, सांध्यावर पुट्टी भरली (गॅरेजवाले तिला लांबी म्हणतात), मग 400 आणि 1000 नंबरच्या वॉटर पेपरने घासलं. ग्रिल आणि बंपरही थोडे बदलले. हुडासाठी टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून तारेच्या सांगाड्यावर टाकला. वाळल्यावर हुबेहूब ताडपत्री!

जुन्या फोटोवरून माप कसं काढायचं?

हुडाची उंची कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. मग बाबांचा फोटो फोनवर स्कॅन केला. गाडी बरोबर बाजूने दिसत होती. फोटोत दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर 950 पिक्सेल भरलं. खरं अंतर 2375 मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल बरोबर अडीच मिलिमीटर. हूड 240 पिक्सेल उंच, म्हणजे 600 मिलिमीटर, मॉडेलवर 25. झालं काम. फक्त फोटो बाजूने आणि लांबून काढलेला पाहिजे. फोन जवळ नेऊन काढला तर जवळचा भाग फुगतो आणि मापं फसतात.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये "मीरा" नावाच्या छोट्या कारची पहिली गाडी बनवली होती. ती कारखान्यातून कधी विक्रीला आली नाही, त्यामुळे किट दूरच. पण तिचे फोटो आहेत. पुढचा नंबर तिचाच लावायचा विचार आहे.

गोंद आणि पाऊस

मॉडेलचा पातळ सिमेंट म्हणजे खरं तर गोंद नाहीच, तो सॉल्व्हंट आहे. दोन भाग जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. द्रव स्वतःच आत ओढला जातो, दोन्हीकडचं प्लॅस्टिक जरा विरघळतं आणि एकजीव होतं. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला फेविक्विकसारखा इन्स्टंट गोंद, काचेच्या भागांना मात्र लावू नका. त्याच्या वाफेने काच पांढुरकी पडते.

माझी मोठी चूक रंगाची. जुलैमध्ये, बाहेर धो-धो पाऊस चालू असताना, मी लॅकर स्प्रे मारला. पाच मिनिटांत हिरवी जिप्सी पीठ सांडल्यासारखी पांढुरकी. का? सॉल्व्हंट झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावरच जमतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत दमटपणाला काय तोटा! पुढे ऊन पडल्यावर पुन्हा घासून रंगवलं. आणि हो, लॅकर कायम मोकळ्या हवेत मारा, तोंडाला सॉल्व्हंटच्या वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क लावून. कापडी मास्क इथे बिनकामाचा.

दाजीपूरची खरी तांबडी माती चाकांना लावायचा मोह झाला होता. पण 0.1 मिलिमीटरचा कण मॉडेलवर अडीच मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो. शेवटी तांबडा खडू किसून, तलम कापडातून गाळून वापरला.

फोटोची ट्रिक

उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 160 सेंटिमीटरवर असतात. भागिले 24, म्हणजे 6.7. म्हणून फोन उलटा धरून लेन्स कट्ट्यापासून तेवढ्याच उंचीवर ठेवली. वरून काढलेल्या फोटोत खेळणं दिसतं, या उंचीवरून गाडी दिसते. उजेड उन्हाचाच घ्या, म्हणजे सावली एकच पडते.

पहिल्यांदाच करणार असाल तर थेट करवत हातात घेऊ नका. आओशिमाचं 1/32 जिम्नीचं स्नॅप किट बघा. भाग रंगीत असतात आणि गोंदाशिवाय खटाखट बसतात.

जिप्सी पूर्ण झाल्यावर बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, गाडी फिरवून फिरवून बघितली. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तर म्हणाले, "डाव्या बाजूचा आरसा आपल्या गाडीला नव्हताच रे. घाटात एका ट्रकनं उडवला, तो परत कुणी बसवलाच नाही."

संध्याकाळी मी निप्परने आरसा कापला. बाबा शेजारी बसून बघत होते. मग म्हणाले, "बुडखा थोडा राहू दे. तसाच होता."