संगणकीय दप्तराची जागा वाढविताना

सातबारा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचा दाखला, वेतनपत्रक असे अभिलेख पूर्वी दप्तरात बांधून कपाटात ठेवले जात. आज त्यांतील बरेचसे संगणकावर आहेत. दप्तर वाढले की नवे कपाट आणता येत असे. संगणकावरील नोंदीही तशाच वाढत असतात. परंतु तेथे जागा वाढविणे कपाट आणण्याइतके सरळ नाही. हे काम कसे केले जाते, याची जाण तंत्रज्ञ नसलेल्या अधिकाऱ्यांनाही असणे हितावह आहे. कारण कामाला मंजुरी त्यांची असते आणि नोंदी गहाळ झाल्यास उत्तरही त्यांनाच द्यावे लागते.

एका यंत्रात अनेक यंत्रे

प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवणे खर्चाचे असते. यास्तव एकाच शक्तिमान सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविले जातात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. आभासी संगणक परस्परांपासून अलग असले, तरी त्यांच्या नोंदी पुष्कळदा त्या एकाच सर्व्हरमधील डिस्कवर असतात. तेथे बिघाड झाला, तर एक नव्हे, सर्वच कामे खोळंबतात.

बेरजेचा आधार

या धोक्यावरील उपाय म्हणजे ‘रेड’ ही पद्धत होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची मांडणी केली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्कचा समूह वापरावा आणि त्यातील एखादी निकामी होणार हे गृहीत धरूनच व्यवस्था करावी, असा तिचा आशय होता.

तिचे तत्त्व साध्या अंकगणिताने समजते. तीन डिस्कवर ५, ७ व ८ हे अंक आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० आहे, असे समजू. ७ असलेली डिस्क गेली, तरी २० मधून ५ व ८ वजा करून हरवलेला अंक परत मिळतो. संगणक हे गणित शून्य व एक या अंकांत करतो, एवढाच फरक. ‘रेड-५’ या प्रकारात अशा बेरजा सर्व डिस्कवर आळीपाळीने वाटलेल्या असतात आणि एका डिस्कइतकी जागा त्यांच्यासाठी खर्ची पडते. म्हणून ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून १६ नव्हे, १२ टेराबाइट जागा मिळते. ‘रेड-६’ मध्ये दोन डिस्कइतकी जागा जाते. मात्र दोन डिस्क एकाच वेळी निकामी झाल्या तरी नोंदी शाबूत राहतात.

जागा वाढविण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे समूहात आणखी एक डिस्क घालणे. वरील उदाहरणात पाचवी डिस्क घातल्यास जागा १६ टेराबाइट होते. मात्र त्यासाठी सर्व नोंदींची पाचही डिस्कवर नव्याने वाटणी करावी लागते. हे काम अनेक तास, कधी काही दिवस चालते आणि त्या काळात सर्व्हर मंदावतो. दुसरा मार्ग म्हणजे एकेक डिस्क काढून तिच्या जागी मोठी डिस्क बसविणे. यात अखेरची डिस्क बदलेपर्यंत वाढीव जागा हाती येत नाही. शिवाय ‘रेड-५’ मध्ये प्रत्येक बदलाच्या वेळी समूह संरक्षणाविना असतो. त्याच वेळी दुसरी डिस्क गेली, तर सर्व काही जाते. तिसरा मार्ग नवा समूह उभारून आभासी संगणक तेथे हलविण्याचा. तो खर्चिक खरा. परंतु काम पूर्ण होईपर्यंत जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात.

धरण आणि चारी

धरणाची उंची वाढविली म्हणून शेतात पाणी पोहोचत नाही. कालवा, वितरिका आणि चारी यांचीही क्षमता वाढवावी लागते. येथेही तसेच आहे. डिस्कचा समूह मोठा झाल्यावर मुख्य सर्व्हरचा साठा, त्यानंतर आभासी संगणकाची डिस्क, तिच्यातील विभाग आणि अखेरीस फाइलव्यवस्था या क्रमाने वाढ करावी लागते. मधली एक पायरी राहिली, तरी डिस्क खरेदी होऊनही कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ‘जागा शिल्लक नाही’ हीच सूचना दिसत राहते.

प्रतीला पर्याय नाही

‘रेड’ म्हणजे नोंदींची दुसरी प्रत, हा समज मात्र घातक आहे. डिस्क बिघडली तर ‘रेड’ तारते; परंतु कोणी चुकून नोंद पुसली, विषाणूने ती विद्रूप केली किंवा कार्यालयास आग लागली, तर ‘रेड’ काहीही करू शकत नाही. म्हणून जागा वाढविण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत अन्यत्र ठेवलेली असावी, त्या प्रतीवरून नोंदी परत मिळतात याची प्रत्यक्ष चाचणी झालेली असावी आणि काम चालू असताना वीजपुरवठा अखंड राहील अशी तजवीज असावी. या तीन बाबींची खातरजमा करण्यास तंत्रज्ञान अवगत असावे लागत नाही. कामाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारले गेले, तर वाढत्या दप्तराबरोबर त्याची सुरक्षितताही वाढेल.