बहुविध वेदनाशमन

भिन्न प्रकारे कार्य करणारी दोन वा अधिक वेदनाशामके एकत्र देऊन वेदना कमी करण्याच्या पद्धतीस बहुविध वेदनाशमन असे म्हणतात. अस्थिभंग, मुरगळ, मूतखडा अशा तीव्र वेदनेच्या प्रसंगी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत तिचा अवलंब केला जातो.

कार्यपद्धती
आयबुप्रोफेन हे प्रामुख्याने दुखापतीच्या जागी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखते, तर पॅरासिटामॉल मुख्यत्वे मेंदू व मज्जारज्जू यांच्या पातळीवर कार्य करते. दोहोंच्या संयोगाने मॉर्फीनसारख्या अफूवर्गीय औषधांची गरज घटते. या औषधांमुळे गुंगी येणे, श्वसन मंदावणे व व्यसन जडणे असे धोके संभवतात.

संशोधन
न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथे हातापायांच्या तीव्र वेदनेच्या ४११ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटास ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन व १,००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तर अन्य तीन गटांस पॅरासिटामॉलसह एकेक अफूवर्गीय औषध देण्यात आले. दोन तासांनंतर चारही गटांतील वेदनाशमनात लक्षणीय फरक आढळला नाही.

दक्षता
आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक ही एकाच वर्गातील औषधे एकत्र घेतल्यास जठरव्रण व मूत्रपिंडाच्या इजेचा धोका वाढतो. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. त्यामुळे नकळत अतिमात्रा होऊन यकृतास गंभीर इजा होऊ शकते.